बॉनेटवरचा हात

मालकांना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. मारुंजीत त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी तीन वर्षं भाड्यानं राहिले, आणि या तीन वर्षांत हा माणूस सदानकदा कुठंतरी निघालेला असायचा, नाहीतर कुठूनतरी येत असायचा. चहासुद्धा अंगणात येरझाऱ्या घालत प्यायचे. मालकीणबाई दारातून ओरडायच्या, "आवो, येका जागी बसून प्या की! पाठी लागलंय का कुणी?" त्यावर ते बशी फुंकत पार फाटकापर्यंत जाऊन यायचे. बैठकीत एक चांगली सागवानी आरामखुर्ची होती. तिच्यावर पापड वाळत असायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गाव त्यांना मालक म्हणायचं, आम्ही भाडेकरूही मालकच म्हणायचो. शिवाय पुढं जे सांगणार आहे त्यात अब्रू गेली तर माझीच जायला हवी, त्यांची उगाच कशाला.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी खोलीआधी मलाच तपासून घेतलं.

"कंपनीत काय करता म्याडम?"

"टेस्टिंग."

"म्हंजी?"

"दुसऱ्यांनी सॉफ्टवेअर बनवायचं आणि मी त्यातल्या चुका शोधायच्या."

मालक चालता चालता थांबले. "आन त्याचा पगार देत्यात?"

"देतात की."

"चुका काढल्या म्हणून शिव्या न्हाई देत?"

"शिव्याही देतात."

"मग ऱ्हावा," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले. खोली मी नंतर एकटीनंच पाहिली. नळाला पाणी येतं का हेसुद्धा विचारायचं राहून गेलं.

पुढं उलगडा झाला. मालकांनी सगळी नोकरी घोटावड्याकडच्या एका कारखान्यात काढली होती. गाड्यांचे सुटे भाग तिथं बनायचे आणि मालक तपासणी खात्यात होते. मशिनींच्या धडधडाटात उभं राहायचं, पुढ्यात येणारा एकेक भाग हातात घ्यायचा आणि खोट सापडली की लाल खडूची रेघ मारून बाजूला टाकायचा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी लाल खडू काही शर्टाच्या खिशातून गेला नव्हता. गळक्या नळावर रेघ, उखडलेल्या पायरीवर रेघ. मी ऑफिसात असताना गॅलरीतल्या माझ्या सिलिंडरच्या नळीवर रेघ मारून गेले, म्हणून मी खाली जाऊन भांडले. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं नळी बदलली, कारण ती खरोखरच चिरली होती. मालकीणबाई सांगायच्या की लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्या नवी साडी नेसून समोर उभ्या राहिल्या, तेव्हा ह्यांचा हात आधी खिशाकडं गेला होता.

अशा माणसाला गाव जुन्या गाड्या तपासायला घेऊन जाई, यात नवल नाही. आमच्या भागात कुणी जमीन विकलेली, कुणी खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या, आणि घरोघरी एखाद्या तरण्या माणसाच्या डोक्यात जर्मन गाडी घुसलेली. साधीसुधी नाही. बुटकी, रुंद, दोन दारांची, बटण दाबलं की गुरगुरणारी. पुण्यातले लोक अशा गाड्या नव्या घेतात, चार-पाच वर्षांत कंटाळतात आणि विकायला काढतात. मग ती आपल्या आवाक्यात येते, निदान तसं वाटतं तरी. घेणाऱ्याचं सगळं लक्ष रंगाकडं आणि चाकांकडं. इंजिनाच्या बाबतीत आनंदीआनंद. म्हणून रविवारी सकाळी मालकांच्या फाटकाशी दोघं-तिघं उभे असायचे.

गंमत म्हणजे मालकांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. एकदा मी विचारलं, शिकला का नाहीत? म्हणाले, "चालवणाराला गाडी आवडती म्याडम. आवडली की दिसायची बंद हुती." मी हसले होते तेव्हा.

त्यांची रीत ठरलेली. विकणाऱ्यानं आठची वेळ दिली की हे सातलाच दारात हजर. पहिलं काम, बॉनेटवर डावा हात ठेवायचा. ऊब लागली की एक अक्षर न बोलता परत फिरायचे, मग विकणारा कितीही गयावया करो. "आदीच तापवून ठेवली म्हंजी गाडीला काय सांगायचंय ते आपल्याला कळू नये, आसं कुनाला तरी वाटतंय," असा त्यांचा हिशेब. इंजिन थंड असलं तर मात्र डोळे चमकायचे. "पहिलं तीन दम बघायचं. इंजान पहिलं तीन दम खरं बोलतं. मंग शानं हुतं." एक लांब स्क्रूड्रायव्हर जवळ असायचा. त्याचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डावा तळवा शेजारी टेकलेला आणि डोळे मिटलेले.

मग टायर. "चार चाकाला चार कंपनीचं टायर म्हंजी मालकाला गाडी झेपत न्हवती. ज्याला टायर झेपला न्हाई त्यानं तेल तरी येळेवर बदललं आसंल व्हय?" मग सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचे, कारण पुराच्या पाण्यात बसलेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. आणि शेवटी गुडघे टेकून, नाक पार खाली नेऊन पायाखालच्या गालिच्याचा वास घ्यायचे. बाणेरच्या एका बंगल्यात हे दृश्य पाहून त्या घरच्या बाई घाईघाईनं अत्तराचा फवारा घेऊन आल्या. मालक उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "रिजेक."

एकानं त्यांचं ऐकलं नाही. गावातलाच, चांगला शिकलेला. मालकांनी वासावरून नाही म्हटलेली लाल गाडी त्यानं घेतली आणि महिन्याभरात चुलतभावाच्या वरातीला काढली. नवरदेव आत बसला आणि काचा आपोआप वर-खाली व्हायला लागल्या, मग वायपर सुरू झाले, आणि शेवटी हॉर्न जो वाजायला लागला तो बॅटरीची तार तोडेपर्यंत. बँडवाले वाजवायचे थांबले होते. त्यानंतर गावात मालकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता माझं. मलाही तसलीच गाडी हवी होती, हे सांगायला लाज वाटत नाही. मारुंजीहून हिंजवडीपर्यंत सकाळी एका जागी उभं राहायला पावणेदोन तास लागतात, तिथं असली गाडी काय कामाची? आई फोनवर तेच म्हणायची, "फ्लॅट घे गं, गाडी काय, दारात उभी राहून गंजते." सगळं पटायचं. पण दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका टिपून टिपून माझ्या पायांना वळवळ सुटायची, जेवतानासुद्धा मांडी हलत राहायची. एकदा ऑफिसातल्या एकीनं तिच्या तसल्या गाडीतून पौडच्या पुढं, धरणाच्या कडेच्या रस्त्यावर नेलं. पहाटेची वेळ, रस्ता मोकळा, एका बाजूला पाणी. तिनं पाय दाबला आणि माझी पाठ सीटला जाऊन टेकली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आपण कुठंतरी चाललो आहोत असं वाटलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मीटिंगमध्ये लोक बोलत असायचे आणि मी टेबलाखाली फोनवर गाड्या बघत असायचे.

मालकांना विचारलं. ते लगेच तयार झाले, जणू वाटच बघत होते. सहा गाड्या पाहिल्या आम्ही. सहाही रिजेक. कुठं टायर, कुठं पट्टा, कुठं सर्विसच्या वहीत दीड वर्षाची मोकळी जागा. मी चिडायचे, भांडायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्यामागं जायचे.

पण एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. इंजिन चालू झालं की मालक स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून माझ्या तोंडाकडं बघायचे. "काय ऐकू आलं म्याडम? सांगा." मी सांगायचे, इंजिनाच्या पट्ट्याची चिरचिर आहे, मागं नळी फुसफुसतेय. ते मान डोलवायचे, "बराबर." मला काय वाटलं? गुरू आपली विद्या मला देतोय. छाती फुगायची माझी. ऑफिसात कुणाला तरी ऐटीत म्हणालेही, माझा कान तयार होतोय.

सातवी गाडी लवळ्याला होती. टेकडीवरच्या एका कॉलेजात शिकवणारे गृहस्थ निवृत्त होऊन मुलीकडं कायमचे चालले होते. गाडी निळी, खोल निळी. आम्ही तासभर आधी पोचलो. बॉनेट गार. टायर चारी एका कंपनीचे. पट्टे स्वच्छ, गालिचा कोरडा, सर्विसची वही शाळेतल्या हुशार पोरीच्या वहीसारखी. मालक इंजिनावर वाकले, तळवा टेकवला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. गृहस्थांनी बटण दाबलं.

आणि खडखड आली. रिकाम्या डब्यात चार फुटाणे हलवावेत तशी, कोरडी. एक दम, दोन दम, तीन. मग इंजिन असं मऊ चालायला लागलं की ऐकत राहावं.

मालकांनी डोळे उघडले. "काय ऐकू आलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "एकदम गुळगुळीत."

का म्हणाले? ती निळी गाडी मला हवी होती म्हणून. आणि मनात एक पळवाटही तयार होती. मालकांनी तर ऐकलंच असणार, खरंच वाईट असेल तर तेच नाही म्हणतील. खोटं मी बोलायचं आणि ते पकडायची जबाबदारी त्यांची.

मालकांनी तळवा इंजिनावरून उचलला. त्याच्याकडं पाहिलं, पायजम्याला पुसला आणि परत टेकवला. "पुन्यांदा सांगा."

"गुळगुळीत आहे मालक."

"मग घ्या," ते म्हणाले.

गावात पेढे वाटले गेले, तेही मी नाही, गावानंच वाटले. मालकांनी गाडी पास केली! लोक गाडी बघायला यायचे, तिच्यापेक्षा जास्त मालकांकडं बघायचे. सात आठवडे मी हवेत होते. मालक काही गाडीत बसले नाहीत, पण मालकीणबाईंना मी एका सकाळी धरणापर्यंत घेऊन गेले. पदर दातांत धरून बसलेल्या त्या बाई पाच मिनिटांत म्हणाल्या, "ताई, आणखी जोरात न्हाई का जात ही?"

आठव्या रविवारी मुळशीच्या चढावर इंजिनानं तेच फुटाणे वाजवले, या वेळी थांबले नाहीत. मग एक दणका, आणि शांतता. क्रेनला बांधलेली ती निळी गाडी भर सकाळी मारुंजीच्या मुख्य रस्त्यावरून गेली. दुकानं उघडी होती, पारावर माणसं होती. गॅरेजमधला मिस्त्री म्हणाला, "आतली चेन तुटली म्याडम. सकाळी चालू करताना वाजत असणार, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हणाले, "नाही आलं बुवा." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. सुटे भाग बाहेरून यायचे होते, गाडी तिथंच पडून राहिली.

मला वाटलं होतं लोक मला हसतील. मला कुणी काही बोललं नाही. बोलले ते मालकांना. आधी "म्हातारा चुकला," मग "वय झालं आता." आणि मग दुधाच्या दुकानात मी स्वतः ऐकलं, "दलाली खाल्ली आसंल, फुकट का कोन पास करतंय?" फाटकाशी रविवारी कुणी येईना. ज्यांनी पेढे वाटले त्यांनीच हे केलं, आणि मी पिशवीत दूध घेऊन गप्प घरी आले.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर बैठकीतल्या आरामखुर्चीवर पापड नव्हते. मालक बसले होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. अंगण इतकं गप्प झालं की मला जिन्यावर माझ्याच चपलांचा राग यायचा.

मालकीणबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला वर आल्या. मी म्हणाले, "काकू, मालक रागावलेत का माझ्यावर? मी हाक मारली तरी बघत नाहीत."

"ऐकू कुटं येतंय त्यास्नी?" त्या सहज म्हणाल्या. "डावा कान दोन वर्सं झाली बंदच हाय. उजव्यात उगं थोडं थोडं. कारखान्यानं खाल्लं कान."

मी दोरी धरून उभी राहिले. तीन वर्षं या माणसाशी मी ओरडून बोलत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण सारख्या चालत्या माणसाशी सगळेच ओरडून बोलतात. काकूही ओरडायच्या, तो मला त्यांचा स्वभाव वाटला होता.

"म्हणून तर तुमाला संगं न्यायचे," काकू कपड्यांचे चिमटे काढत म्हणाल्या. "म्हणायचे, पोरीचा कान लई तिखट हाय. ती हाय तवर आपलं निभतंय."

विद्या देत नव्हता तो माणूस. कान उसना घेत होता. आणि ज्या एका दिवशी त्यांना त्याची खरी गरज होती, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी तशीच खाली गेले. थांबले असते तर जाऊ शकले नसते.

मालक खुर्चीत होते. मी समोर उभी राहिले. "मालक, लवळ्याला त्या दिवशी मला आवाज आला होता."

"काय?"

"आवाज आला होता! गाडी चालू झाली तेव्हा!"

"मोठ्यानं बोला. कळंना."

मग मी मोठ्यानं बोलले. मान खाली घालून पुटपुटायची गोष्ट मला दारं-खिडक्या उघड्या असताना घसा फोडून सांगावी लागली. "खडखड ऐकली होती मी! तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले! मला गाडी हवी होती म्हणून!" समोरच्या किराणा दुकानातली वर्दळ थांबली. जिन्यावर दोन भाडेकरू उभे राहिले. काकू दाराला टेकल्या. अख्ख्या आळीला कळलं, आणि बरंच झालं.

मालक काही वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिले. "खडखड व्हती?"

"होती."

"किती दम?"

"तीन. मग थांबली."

त्यांनी डावा तळवा वर केला आणि त्याच्या मधोमध उजव्या हाताचं बोट टेकवलं. "हितं लागली व्हती मला. मुंगी चालावी तशी. हितं." "पर तुमी म्हणालात गुळगुळीत हाय. मी म्हटलं कान गेला, आता हातबी गेला. तवाधरनं ह्या हाताचा मला भरवसा न्हाई. कप धरतानाबी बघून धरतुया."

मला रडू कोसळलं. गाडी गेली तेव्हा आलं नव्हतं इतकं. "माफ करा मालक," मी पुन्हा ओरडूनच म्हणाले, दुसरा इलाज नव्हता.

"गाडीचं तुमचं तुमी बघा," ते म्हणाले. "लोकं काय, बोलत्यात आन इसरत्यात. पर तपासणारानं खोटं बोलायचं न्हाई. आपल्या कामात तेवढं येकच आसतंया. म्हैनाअखेर खोली मोकळी करा."

काकू मध्ये पडल्या, "आवो, पोर सोताहून खरं बोलली की!"

"उशिरा बोलली," मालक म्हणाले आणि खुर्चीतून उठून बाहेर गेले.

त्यांनी शब्द फिरवला नाही, मीही विनवण्या केल्या नाहीत. मला सगळ्यात जास्त लागला तो "आपल्या" हा शब्द. त्या एका शब्दात मला त्यांनी जवळ घेतलं होतं आणि त्याच वाक्यात बाहेर काढलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी सामानाचा पिकअप आला. दोन फेऱ्यांत सगळं सामान चढलं. काकूंनी लोणच्याची बरणी माझ्या मांडीवर ठेवली आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. ड्रायव्हर गावातलाच. त्यानं किल्ली फिरवली, तोच मालक कुठूनतरी भराभरा चालत आले आणि गाडीपुढं आडवे उभे राहिले. मला वाटलं, थांबवतात की काय. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डावा हात बॉनेटवर ठेवला आणि डोळे मिटले. इंजिनाच्या हादऱ्यानं बरणी माझ्या मांडीवर थरथरत होती.

"इंजानाखालचं रबरी फौंडेशन गेलंय," मालक म्हणाले. "उजवीकडचं."

"व्हय मालक!" ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला. "कालच मिस्त्री म्हणला. उद्या टाकायचंय. तुमाला कसं कळलं?"

मालकांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पण त्यांनी ड्रायव्हरच्या तोंडाकडं नीट पाहिलं होतं. ते वळले आणि गावाच्या दिशेनं चालू लागले, इतक्या घाईनं की सायकलवाल्यानं घंटी वाजवून सायकल बाजूला घेतली. माझं घर सुटलं होतं, गाडी गॅरेजात पडली होती, पुढची खोली मी धड बघितलीही नव्हती. आणि ती बरणी पोटाशी धरून मी हसत होते, रडत होते, ड्रायव्हर विचारत होता, "म्याडम, निघायचं का?" आणि मी त्याला म्हणत होते, थांब जरा, ते वळणापर्यंत जाऊ देत.